संक्रांतीला भरलेले सेल पाडव्याला रिकामे का?

आमच्याकडे निमगाव सावाला 'बॅटरी' म्हणजे हातातला टॉर्च, आणि तिच्यात घालायचा तो 'सेल'. या लेखात मीही हेच शब्द वापरणार आहे. मी शाळेत असताना घरात पहिल्यांदा चार्जिंगचे पेन्सिल सेल आले. वडिलांनी संक्रांतीला दोन सेल पूर्ण चार्ज करून फळीवर ठेवले. रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी द्यायला जाताना लागतील म्हणून. पाडव्याच्या आसपास एका रात्री ते बॅटरीत घातले, आणि विहिरीपर्यंत पोचायच्या आत उजेड पिवळा पडला. जुन्नरच्या उसात बिबट्या असतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मोटर चालू न करताच वडील माघारी आले. 'दुकानदारानं फसवलं' यावर घरात एकमत झालं.

दुकानदारानं फसवलं नव्हतं. ते निकेल-मेटल हायड्राइड जातीचे सेल होते, आणि त्या काळी अशा सेलमधला साधारण 20 ते 30 टक्के चार्ज नुसत्या बसण्यानंच महिन्याभरात उतरायचा. उन्हाळ्यात त्याहून जास्त. याला सेल्फ-डिस्चार्ज म्हणतात. हा दोष आला कुठून, हे शोधायला गेलात की एका पीएचडीच्या प्रबंधापाशी पोचता. म्हणून तर ही गोष्ट तुम्हाला सांगतोय.

1960 च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत चुंबकाच्या मिश्रधातूंवर काम चालू होतं. त्यातला एक मिश्रधातू हायड्रोजन शोषून घेतो असं दिसलं. त्याच वाटेनं पुढे लँथॅनम आणि निकेलचा मिश्रधातू सापडला. तो स्पंजासारखा हायड्रोजन पितो आणि परत सोडतो. म्हणजे विषारी कॅडमियमच्या जागी सेलच्या ऋण बाजूला बसवायला उत्तम! पण हायड्रोजन पिताना तो फुगायचा, सोडताना आकसायचा, आणि काही फेऱ्यांत त्याचा भुगा होऊन गंजायचा. विलेम्स या संशोधकानं 1984 च्या प्रबंधात यावर उपाय दिला. निकेलचा बराच भाग काढून तिथे कोबाल्ट घातला, शिवाय थोडं निओडिमियम आणि किंचित सिलिकॉन. फुगणं कमी झालं, आयुष्य वाढलं. 1990 च्या सुमारास जपानी कंपन्यांनी असे सेल बाजारात आणले.

इथून पुढची पंधरा वर्षं स्पर्धा लागली ती वेष्टनावरच्या एका आकड्याची, मिलिअँपिअर-तासांची. हजाराच्या आसपास सुरुवात झाली होती, 2005 पर्यंत अडीच हजार गाठले. पण हा आकडा चार्जरमधून नुकत्याच काढलेल्या सेलचा. फळीवर तीन महिने पडलेल्या सेलचा आकडा वेष्टनावर कोण छापणार?

नोव्हेंबर 2005 मध्ये सान्यो कंपनीनं 'एनेलूप' नावाचा सेल काढला. क्षमता 2000, म्हणजे बाजारातल्या इतरांपेक्षा कमीच. दावा मात्र वेगळा होता: वर्षभर पडून राहिला तरी 85 टक्के चार्ज शिल्लक. त्यामागचं निदान मला फार आवडतं. ऋण बाजूच्या मिश्रधातूतले कोबाल्ट आणि मँगनीज हळूहळू द्रावणात उतरतात आणि दोन अग्रांमधल्या पडद्यावर जाऊन बसतात. तिथे वीज वाहून नेणारी बारीक वाट तयार होते, आणि सेल आतल्या आत झिरपत राहतो. म्हणजे आयुष्य वाढवायला घातलेला कोबाल्टच गळतीचा एक भागीदार निघाला. सान्योनं मॅग्नेशियम असलेला, वेगळ्या रचनेचा मिश्रधातू घेतला आणि कोबाल्ट-मँगनीज वगळले. पडद्याचाही विचार झाला होता. नायलॉनच्या पडद्यातून नायट्रोजनची संयुगं सुटतात, ती दोन्ही अग्रांमध्ये हेलपाटे घालत चार्ज खातात; म्हणून गंधकाची प्रक्रिया केलेला पॉलिओलेफिनचा पडदा. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली, आवृत्त्या निघत राहिल्या, आणि 2013 च्या सेलवर दहा वर्षांनी 70 टक्के असा दावा आला.

विलेम्स चुकला का? मला तसं वाटत नाही. त्याच्यापुढे प्रश्न होता भुग्याचा, तो त्यानं सोडवला. भुगा होणारा सेल महिनाभर पडून राहिल्यावर किती गळतो, हे विचारण्यात तेव्हा काय अर्थ होता? तुमच्या मार्गदर्शकानं 'हा प्रश्न सुटलेला आहे' असं म्हटलं, तर कुणासाठी आणि कुठल्या अटीवर सुटलाय, एवढं जरूर विचारा.

अट या दाव्यांमध्येही आहे: 20 अंश सेल्सिअस. पत्र्याच्या घरात एप्रिलच्या दुपारी 20 अंश कुठून आणायचे? तापमान चढलं की गळतीही वाढते.

स्वतः तपासायचं असेल तर नुसतं मल्टिमीटर लावून भागत नाही. या सेलचं व्होल्टेज बराच काळ 1.2 च्या आसपास सपाट राहतं, त्यामुळे अर्धा रिकामा सेलही भरल्यासारखा दिसतो. एकाच पाकिटातले सेल घ्या, सगळे पूर्ण चार्ज करा. काही लगेच ठरावीक प्रवाहानं रिकामे करून किती चार्ज निघाला ते मोजा, आणि बाकीचे ठेवून देऊन नंतर तसेच मोजा. मी चार सेल या संक्रांतीला घरी त्याच फळीवर ठेवलेत, शेजारी थर्मामीटर आहे. पाडव्याला काढीन.