वेशीवरचे यंत्र

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. एका यंत्राला वीज जोडल्याने इतिहास घडतो, असे कोणी म्हणाले तर ते सहसा पटत नाही. आज आम्ही अशाच एका घटनेकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील विद्यापीठांत मोठमोठे संगणक होते. पण जितके कारखानदार तितक्या त्यांच्या भाषा. एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नसे. सर्वांना एकच भाषा शिकवावी, तर आधीच कामाने वाकलेल्या संगणकांवर नवे ओझे पडणार! १९६७ साली वेस्ली क्लार्क यांनी तोडगा सुचविला. मोठ्या संगणकांना फारसा हात लावू नये. प्रत्येकाच्या दाराशी एक लहान संगणक बसवावा आणि जाळ्याचा सारा व्यवहार त्या लहानांनी आपसांत करावा. दरबारात दुभाषी असे, तसाच हा.

मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या कंपनीत फ्रँक हार्ट यांच्या चमूने हे यंत्र बांधले. हनीवेल ५१६ हा त्याचा गाभा. वजन सुमारे ४०० किलो. १९६९ च्या ऑगस्टअखेर पहिले यंत्र लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोचले. त्याची स्मृती चुंबकीय कड्यांची असल्यामुळे वीज तोडली तरी ती पुसली जात नसे. म्हणून येथे वीज जोडताच केंब्रिजला थांबलेले काम त्याने पुन्हा हाती घेतले! हा योगायोग नव्हे. यंत्राजवळ सदैव माणूस असणार नाही आणि वीज कधीतरी जाणारच, हे गृहीत धरूनच ते रचले होते. वीज परतली की त्याने आपले आपण उठावे, असा कर्त्यांचा आग्रह होता.

यजमान संगणकाकडची जोडणी मात्र विद्यापीठानेच करावयाची होती. तीही सिद्ध झाली आणि २ सप्टेंबरला सिग्मा ७ हा संगणक व हे यंत्र एकमेकांशी बोलू लागले. ऑक्टोबरात दुसरे यंत्र स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत बसले. २९ तारखेच्या रात्री साडेदहाच्या सुमारास 'लॉगिन' हा शब्द धाडावयास घेतला. 'एल' पोचला, 'ओ' पोचला, आणि पलीकडचा मोठा संगणकच कोसळला. दाराशी बसविलेली यंत्रे मात्र उभी राहिली. दुरुस्ती होऊन त्याच रात्री जोडणी पुरी झाली.

आपल्याकडेही असे एक द्वार होते. १९८६ साली आरंभलेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याचा परदेशाशी दुवा मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेतून जाई. सर्वसामान्यांस हे जाळे १५ ऑगस्ट १९९५ पासून खुले झाले. आज घराच्या कोपऱ्यात लुकलुकणारी राऊटरची पेटी त्याच घराण्यातली.

या हकिकतीत आम्हांस एक गोष्ट मोलाची वाटते. ऐक्यासाठी सर्वांनी एकसारखे होणे त्या अभियंत्यांना आवश्यक वाटले नाही. प्रत्येकाची भाषा त्याच्या घरात राहू दिली. वेशीवर समजूतदार राखणदार तेवढा नेमला, आणि पडला तरी पुन्हा उठेल, अशी त्याची घडण केली. अनेक भाषांच्या या देशात हा धडा केवळ यंत्रांपुरता मानण्याचे कारण नाही.