बैलांच्या रेल्वेपासून सायकलच्या वाटेपर्यंत

बडोद्यातील मराठी घरांत गायकवाडी काळाच्या गप्पा निघाल्या की राजवाडा, कमाटीबाग, ग्रंथालये आणि सक्तीचे शिक्षण यांची आठवण हमखास निघते. डभोईच्या छोट्या रेल्वेचे नाव मात्र क्वचितच कोणी काढते. वास्तविक भारतातील पहिली नॅरोगेज रेल्वे आपल्याच संस्थानात धावली. तिच्या बंद पडलेल्या फाट्यांचे काय करायचे, हा प्रश्न आता आपल्या पिढीपुढे आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत तिच्याविषयी लिहावे असे आम्हाला वाटले.

ही रेल्वे खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीतली. बी. बी. अँड सी. आय. कंपनीची मोठी गाडी १८६१ च्या सुमारास बडोद्यापर्यंत आली आणि मियागाम हे तिच्यावरचे स्टेशन झाले. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पण डभोईकडचा माल मियागामला न्यायचा कसा? काळ्या जमिनीत पावसाळ्यात गाडीची चाके आसापर्यंत रुतत. १८६२ साली डभोई ते मियागाम असा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग घातला गेला, तो या पार्श्वभूमीवर. आजच्या मापाने हे अंतर सुमारे ३३ किलोमीटर.

गंमत अशी की या रेल्वेला सुरुवातीला बैल जुंपले होते. इंग्लंड-स्कॉटलंडच्या कारखान्यांतून इंजिने मागवणे संस्थानाला अशक्य नव्हते. १८६३ मध्ये ती आलीही. पण रूळ हलके होते, इंजिनाचा भार त्यांना पेलवेना. मग बैलच बरे, असे ठरले. यात हसण्यासारखे काही नाही. मातीच्या रस्त्यापेक्षा लोखंडी रुळावर चाक कितीतरी हलके फिरते, त्यामुळे तीच बैलजोडी रुळावर अनेक पटींनी जास्त ओझे ओढते. १८७३ मध्ये जड रूळ टाकले गेले, आणि इंजिने नियमितपणे धावू लागली ती १८८० च्या सुमारास.

पुढचा विस्तार झाला तेव्हा सयाजीराव महाराज अज्ञान होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. १८७९ मध्ये डभोईहून चांदोद आणि बहादरपूरकडे फाटे निघाले. १८८० मध्ये गाडी बडोद्याच्या गोयागेटला, म्हणजे आजच्या प्रतापनगरला आली आणि १८८१ मध्ये विश्वामित्रीला मोठ्या रेल्वेशी जोडली गेली. डभोई हे आशियातील सर्वांत मोठे नॅरोगेज जंक्शन म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१९ मध्ये गोयागेटला रेल्वेचा कारखाना उभा राहिला.

मराठी घरांना ही गाडी जवळची वाटली ती चांदोदमुळे. नर्मदास्नान, श्राद्ध-तर्पण, पलीकडे कर्नाळीचा कुबेर. या सगळ्याची वाट याच रुळांवरून जाई. डभोई तर त्याआधीपासूनच आपल्या इतिहासात आहे. १ एप्रिल १७३१ रोजी डभोई आणि भिलापूर यांच्या दरम्यान पहिल्या बाजीरावांची आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई झाली. दाभाडे त्यात पडले. त्यांच्या बाजूने लढलेल्या पिलाजीराव गायकवाडांच्या वंशजांनी पुढे त्याच मुलखात रेल्वे घातली.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही रेल्वेही देशाच्या रेल्वेत मिसळली. आता प्रतापनगर-डभोई-छोटा उदेपूर मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. डभोई-चांदोद मार्गही रुंद होऊन पुढे केवडियापर्यंत गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. हे चांगलेच झाले. लोकांना वेगवान गाडी हवीच. पण काही फाटे मागे राहिले. छुछापुऱ्याहून तणखल्याकडे जाणाऱ्या फाट्यावर आज गाडी जात नाही. अशा ठिकाणी उरतो तो मातीचा भराव आणि नाल्यांवरचे लहानसे पूल.

या उरलेल्या वाटेवर सायकल चालवता येईल, ही कल्पना परदेशात जुनी झाली आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल ते बाथ हा बंद पडलेला मार्ग १९७९ ते १९८६ या काळात सायकलवाट बनला. आयर्लंडमधील वेस्टपोर्ट ते अकिल हा लोहमार्ग १९३७ मध्ये बंद झाला होता. त्यावर आज ४२ किलोमीटरची वाट आहे. तिथे जमीन शेतकऱ्यांकडे गेलेली होती. त्यांनी वहिवाटीला परवानगी दिली म्हणून काम झाले. खेड्यांत खानावळी आणि सायकली भाड्याने देणारी दुकाने निघाली.

रेल्वेची वाट सायकलला इतकी का मानवते? आम्ही सिव्हिलचा डिप्लोमा केला तेव्हा एक गोष्ट मनावर ठसली होती: रेल्वेला चढ सोसत नाही. शंभर फुटांत एक फूट हा चढसुद्धा तिला मोठा वाटतो. म्हणून बांधणाऱ्यांनी उंचवटे कापले, खोलगट जागी भराव घातला, वळणे सैल ठेवली. नेमके हेच नवख्या सायकलस्वाराला, लहान मुलाला आणि साठीच्या माणसाला हवे असते. शिवाय ट्रक नाहीत, हॉर्न नाहीत. बडोद्याच्या रस्त्यावर आज दहा वर्षांच्या मुलाला सायकल घेऊन एकटे सोडायची कोणाची छाती होते?

पण यात घाई आहे. सरकारी नोकरीत जमिनीचे कागद हाताळताना आम्ही एक पाहिले आहे: वापर थांबलेली जागा फार काळ मोकळी राहत नाही. कोणी भरावाची माती उचलतो, कोणी कुंपण पुढे सरकवतो. एकदा भराव तुटला की सलग वाट पुन्हा जुळवणे महाकठीण. उद्या रेल्वेला तिथे पुन्हा गाडी न्यायची झाली तर उत्तमच. सायकलवाटेने जागा सलग राहिली तर ते कामही सोपे होईल. रेल्वे, जिल्हा पंचायत आणि गावे यांनी एकत्र बसून आधी एखादा पाच-सहा किलोमीटरचा तुकडा मोकळा केला तरी पुरे.

आपल्या मंडळाला दोन गोष्टी करता येतील. एक, असे लेखी निवेदन देणे. दुसरी गोष्ट आजपासून सुरू होऊ शकते. आपल्यातील कित्येक घरांचे आजोबा-पणजोबा गायकवाडी रेल्वेत, गोयागेटच्या कारखान्यात किंवा स्टेशनांवर नोकरीला असतील. घरात जुना पास, बिल्ला, फोटो किंवा नुसती एखादी ऐकीव हकिकत असेल तर ती मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. वाट तयार होईल तेव्हा जुन्या स्टेशनांच्या जागी पाट्या लागतील. त्या पाट्यांवर काय लिहायचे, हे सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत.