स्टेपनी, डनलॉप आणि पिवळा दिवा : टायरमधल्या हवेच्या इशाऱ्याचा इतिहास

१/ मोटारीच्या जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. हा शब्द वेल्समधील लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. सुरुवातीच्या मोटारींसोबत जादा चाक मिळत नसे. १९०४ च्या सुमारास तेथील डेव्हिस बंधूंनी हवा भरलेला टायर चढवलेले बिनआऱ्यांचे कडे तयार केले. पंक्चर झालेल्या चाकाला ते बाहेरून जोडता येई. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या या स्टेपनीची सक्ती एका छोट्या दिव्यामुळे सैल झाली. हा त्या दिव्याचा इतिहास.

२/ दौंड तालुक्यातील खुटबावसारख्या गावांत पूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. धाव सैल झाली की चाक खडखडे आणि गाडीवानाला दोष कानानेच कळे. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे उसाच्या पट्ट्यात टायरगाडी आली आणि तिला 'डनलॉप' हेच नाव पडले. बैलांचे ओझे हलके झाले. पण हे नवे चाक मुके होते. हवा हळूहळू उतरली तरी ते कुरकुरत नसे.

३/ हे मुकेपण वेगाबरोबर जीवघेणे ठरले. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते. त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, आतल्या थरांची पकड सुटते आणि टायर फुटतो. उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी भरावी, हा रूढ समज म्हणूनच घातक आहे. ट्रकच्या मागच्या जोडचाकांत एक टायर बसला तरी शेजारचा टायर भार तोलून धरतो आणि दोष झाकला जातो. म्हणून क्लीनर टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकतो.

४/ हे ठोकणे यंत्राकडे सोपवण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकात फळाला आले. १९८६ च्या पोर्शे ९५९ या मोटारीत दाब सांगणारी यंत्रणा होती. पुढे अशा यंत्रणेचे दोन मार्ग रूढ झाले. थेट मार्गात प्रत्येक चाकात संवेदक बसतो, दाब मोजतो आणि रेडिओलहरींनी चालकाला कळवतो. अप्रत्यक्ष मार्गात दाब मोजलाच जात नाही. हवा उतरलेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे ते इतरांपेक्षा जलद फिरते. एबीएस ब्रेकचे संवेदक हा फरक टिपतात. हा मार्ग स्वस्त, पण चारही चाके सारखीच उतरली तर फरकच उरत नाही.

५/ ही यंत्रणा सक्तीची झाली ती मात्र माणसे दगावल्यावर. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातील बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते. टायरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या आणि अडीचशेहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. १ नोव्हेंबर २००० रोजी झालेल्या कायद्याने इशारा यंत्रणा बंधनकारक करण्याचा आदेश दिला.

६/ पण इशारा कोणत्या यंत्रणेने द्यावा? २००२ च्या पहिल्या नियमाने उत्पादकांना स्वस्त पर्यायही खुला ठेवला : चारपैकी एकाच टायरमधील ३० टक्के घट ओळखली तरी पुरे. ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या आणि २००३ मध्ये तो नियम रद्द झाला. २००५ च्या नव्या नियमानुसार एक असो वा चारही, टायरमधील २५ टक्के घट ओळखणे आवश्यक ठरले. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची केली.

७/ भारतात ही यंत्रणा सवलतीच्या वाटेने आली. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, दाबाची इशारा यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या लहान मोटारींना १ ऑक्टोबर २०२० पासून स्टेपनी बाळगण्याची गरज उरली नाही. अमेरिकेत जीव वाचवण्यासाठी आलेला दिवा येथे स्टेपनीची जागा मोकळी करून देणारा ठरला.

८/ या दिव्याच्या मर्यादा समृद्धी महामार्गाने दाखवल्या. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. पुढे अपघात वाढल्यावर परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणीच टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. झीज, भेगा, टायरचे वय यांतले काहीच दिव्याला कळत नाही. शिवाय २५ टक्क्यांच्या निकषाने पाहिले तर ३२ पीएसआय भरलेल्या टायरचा दाब २४ वर आला तरच दिवा लागेल याची हमी असते. २६ किंवा २७ पीएसआयवर, दिवा न लागताही, गाडी पुणे-सोलापूर महामार्गावर धावू शकते. म्हणून प्रवासाआधी, टायर थंड असताना, दाबमापकाने हवा तपासण्याचे काम माणसाकडेच राहिले आहे.