विषामागून आलेल्या पेशी

आधी सोनं होतं. आमवातावर सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं देण्याची रीत विसाव्या शतकात बरीच वर्षं चालली. सांधे निवायचे, पण एखाद्याची हाडांतली मज्जाच त्यानं करपायची आणि रक्त बनायचं थांबायचं. अशा रुग्णांना सिएटलच्या डॉनल थॉमस यांच्या चमूनं दुसऱ्याची मज्जा दिली. 1977 मध्ये त्यांनी ते छापलं. मज्जा रुजली तिथे आमवातही मागे हटलेला दिसला. गेले होते रक्तासाठी, हाती लागलं भलतंच!

आमवातासारख्या, प्रतिकारशक्ती उलटलेल्या आजारांवरच्या मज्जारोपणाचं दुसरं घराणं युद्धातलं. डिसेंबर 1943 मध्ये इटलीच्या बारी बंदरात मस्टर्ड या विषारी वायूचे बॉम्ब भरलेलं जहाज उडालं. मेलेल्यांच्या शरीरात पांढऱ्या पेशी घटलेल्या होत्या. त्याच कुळातलं सायक्लोफॉस्फामाइड आज या उपचाराचा कणा आहे. हेही विषच, फक्त मोजून दिलेलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव-वणी पट्ट्यात कपाशी फवारणाऱ्याला विषाच्या मात्रेचा धाक वेगळा शिकवावा लागत नाही. 2017 च्या फवारणीत त्या जिल्ह्यात माणसं दगावली.

मूलपेशी टोचल्या की रोग जातो, असं सर्रास सांगितलं जातं. खरं तसं नाही. अंगावर उलटलेली प्रतिकारशक्ती मारतं ते विष. त्यानंतर रक्त पुन्हा उभं राहावं म्हणून पेशी लागतात. आधी इंजेक्शनं देऊन रुग्णाच्याच पेशी मज्जेतून रक्तात उतरवतात, यंत्रानं वेगळ्या काढतात आणि द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात. मग जबर औषधं. शेवटी तीच पिशवी कोमट पाण्यात वितळवून शिरेतून परत. गोठवताना घातलेल्या रसायनामुळे रुग्णाच्या श्वासाला काही काळ लसणासारखा वास येतो.

आपल्याकडे मज्जारोपणाची सुरुवात परळची. मार्च 1983 मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. अडवाणी स्वतः लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर.

रुग्णाची स्वतःचीच मज्जा चालेल का, हा प्रश्न हॉलंडमध्ये संशोधक फान बेक्कुम यांनी उंदरांवर सोडवला. 1995 मध्ये ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत डॉ. फासास यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजाराच्या रुग्णांवर तोच उपाय वापरला. कातडी आणि फुफ्फुसं ताठवणाऱ्या स्क्लेरोडर्मावर युरोपात 156 जणांची चाचणी झाली, निकाल 2014 मध्ये आले. प्रत्यारोपणाच्या गटातल्या 79 पैकी आठ जण पहिल्याच वर्षी उपचारानं गेले. पुढे मात्र याच गटातले जास्त जगले. त्या आठ मृत्यूंचा आकडा दडवून कुणी या उपचाराची शिफारस केली, तर तिथून उठावं.

आता नवी शाखा फुटली आहे. 2021 मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी ल्युपस या प्रतिकारशक्ती उलटण्याच्याच आजाराच्या एका तरुणीला तिच्याच टी-पेशी जनुकं बदलून दिल्याचं छापलं. ही युक्तीही रक्ताच्या कर्करोगाकडूनच आलेली. पवईच्या आयआयटीत आणि टाटात घडवलेल्या अशाच पेशींना 2023 मध्ये आपल्याकडे परवानगी मिळाली, ती रक्ताच्या काही कर्करोगांपुरती.