जळलेले ग्रंथालय आणि जेफरसन यांची ६,४८७ पुस्तके

१/ २४ ऑगस्ट १८१४. ब्रिटिश फौजा वॉशिंग्टनमध्ये शिरल्या आणि त्यांनी अध्यक्षांच्या निवासस्थानासह कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेचे संसदभवन, पेटवून दिले. काँग्रेसचे सुमारे ३,००० पुस्तकांचे ग्रंथालय याच इमारतीत होते. तेही जळून गेले. स्वातंत्र्य घोषित करून या राष्ट्राला तेव्हा जेमतेम ३८ वर्षे झाली होती.

२/ माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन तेव्हा व्हर्जिनियातील मॉन्टिसेलो येथे निवृत्त जीवन जगत होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी सुमारे ५० वर्षे जमवलेला आपला ग्रंथसंग्रह काँग्रेसला विकत देऊ केला. किंमत काँग्रेसनेच ठरवावी, असे त्यांनी कळवले.

३/ हा संग्रह केवळ कायद्याच्या पुस्तकांचा नव्हता. फ्रान्सिस बेकन यांच्या ज्ञानविभागणीच्या आधारे जेफरसन यांनी त्याचे तीन भाग केले होते : स्मृती, बुद्धी आणि कल्पना, अर्थात इतिहास, तत्त्वज्ञान आणि ललित कला. त्यांखाली ४४ प्रकरणे. राजकारण तत्त्वज्ञानात, प्राणिशास्त्र इतिहासात, तर कादंबऱ्या वास्तुकला आणि संगीताच्या पंगतीला!

४/ काँग्रेसमध्ये यावरूनच वाद पेटला. युद्धाने तिजोरी रिकामी केली असताना एवढा खर्च कशासाठी? परभाषांतील पुस्तके वाचणार कोण? व्होल्तेर आणि रूसो यांच्यासारख्या ‘धर्मद्रोही’ लेखकांचे संसदेत काय काम? मॅसॅच्युसेट्सचे सायरस किंग या विरोधात आघाडीवर होते. निरीश्वरवादी व अनैतिक ठरतील अशी पुस्तके वेचून परत पाठवावीत, अशी सूचनाही पुढे आली.

५/ जेफरसन यांनी मात्र आपल्या पत्रातच याचे उत्तर देऊन ठेवले होते. काँग्रेसच्या सदस्याला ज्याचा संदर्भ कधीच लागणार नाही असा विषयच नाही, हा त्यांचा युक्तिवाद. कायदा करणाऱ्याला व्यापार, शेती, नौकानयन, परक्यांचे धर्म, यांपैकी कशाची गरज केव्हा पडेल, हे आधी कोण सांगणार?

६/ २६ जानेवारी १८१५ रोजी प्रतिनिधिगृहात मतदान झाले. बाजूने ८१, विरोधात ७१. मतांची फाळणी बव्हंशी पक्षनिहाय होती. युद्ध थांबवणारा करार युरोपात झाला होता, पण त्याची वार्ता अजून वॉशिंग्टनला पोहोचायची होती. ६,४८७ पुस्तके, किंमत २३,९५० डॉलर. वसंत ऋतूत दहा गाड्या भरून ती राजधानीकडे निघाली.

७/ या कथेला दुसरी बाजूही आहे. जेफरसन कर्जात बुडालेले होते. आलेल्या रकमेचा मोठा भाग सावकारांनाच गेला. त्यांचे घर आणि शेती गुलामांच्या श्रमावर उभी होती. ४ जुलै १८२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर जानेवारी १८२७ मध्ये कर्ज फेडण्यासाठी मॉन्टिसेलोवर लिलाव झाला. त्यात १३० गुलाम स्त्री-पुरुष आणि मुले विक्रीस काढली गेली. स्वातंत्र्यावरील ग्रंथ संसदेला मिळाले; ज्यांच्या कष्टावर त्या ग्रंथांच्या मालकाचे जीवन उभे होते, त्यांना ते स्वातंत्र्य मिळाले नाही.

८/ २४ डिसेंबर १८५१ रोजी ग्रंथालयाला पुन्हा आग लागली. जेफरसन यांच्या संग्रहाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग त्यात नष्ट झाला. मात्र त्यांच्या वर्गीकरणाचा आधार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकला आणि ‘सर्व विषयांचे ग्रंथालय’ ही कल्पना कायम राहिली. आज लायब्ररी ऑफ काँग्रेस जगातील सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एक आहे.

९/ आगीतून वाचलेल्या ग्रंथांत जॉर्ज सेल यांनी इंग्रजीत अनुवादित केलेले कुराणही होते. जेफरसन यांनी ते १७६५ मध्ये, कायद्याचे विद्यार्थी असताना विकत घेतले होते. जानेवारी २००७ मध्ये काँग्रेसवर निवडून आलेले पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन यांनी शपथेच्या समारंभात याच प्रतीवर हात ठेवला. या पुस्तकाचा संसदेला काय उपयोग, या १८१५ मधील प्रश्नाला १९२ वर्षांनी असे उत्तर मिळाले.