डाल्टन पद्धतीतील आलेखपत्रिका

प्रगतिपुस्तक शिक्षक भरतो आणि पालक त्यावर सही करतो. ज्याची प्रगती त्यात नोंदलेली असते तो विद्यार्थी मात्र त्यात एक अक्षरही लिहीत नाही. ही रीत उलटी करण्याचा एक ठळक प्रयत्न हेलन पार्कहर्स्ट या अमेरिकन शिक्षिकेने केला. एकशिक्षकी खेडेशाळेत अनेक इयत्तांची मुले एकाच वेळी सांभाळताना तिचे विचार घडले. 1920 साली मॅसॅच्युसेट्समधील डाल्टन गावच्या हायस्कुलात तिची योजना अमलात आली, आणि 1922 साली तिचे ‘एज्युकेशन ऑन द डाल्टन प्लॅन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

या पद्धतीत तासांचे वेळापत्रक नव्हते. प्रत्येक विषयाचे महिन्याचे काम विद्यार्थी ‘करार’ म्हणून स्वीकारी आणि विषयवार प्रयोगशाळांत आपल्या गतीने पुरे करी. त्याच्याजवळच्या पत्रिकेत प्रत्येक विषयाला एक रकाना असे. जेवढे काम झाले तेवढी रेघ तो स्वतः वर नेई. महिन्याच्या मध्यावर गणिताची रेघ उंच आणि भाषेची तळाशी, असे चित्र त्याला कोणी न सांगता दिसे. सर्व रेघा माथ्याला पोहोचल्याशिवाय पुढचा करार मिळत नसे. म्हणून मागे पडलेल्या विषयाकडे वळणे भाग पडे.

एकूण टक्केवारीत नेमकी हीच असमानता बुजते. उर्दू माध्यमातून आपल्या महाविद्यालयांत येणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत हे विशेष जाणवते. इंग्रजीत अडलेली विद्यार्थिनी स्वतःला सरसकट ‘कच्ची’ समजू लागते. वाणिज्य शाखेच्या हिशेबात तिची रेघ कुठवर गेली आहे, हे तिला कोणी दाखवलेलेच नसते.

पार्कहर्स्टने आणखी दोन आलेख ठेवले होते. त्यांपैकी प्रयोगशाळेतल्या आलेखात सर्वांच्या रेघा शेजारी-शेजारी येत. शिक्षकाला त्याचा उपयोग उघड आहे. परंतु मागे राहिलेल्याची रेघही तेथे सर्वांना दिसे. माझ्या मते पहिली पत्रिका घ्यावी आणि ही भिंतीवर लावण्यापूर्वी दहादा विचार करावा. शिवाय रेघ काम किती झाले ते सांगते, ते कितपत समजले हे सांगत नाही. ते पाहायला शिक्षकाला विद्यार्थ्याजवळ बसावेच लागते.

सोव्हिएत रशियात 1920 च्या दशकात ही पद्धत ‘ब्रिगेड-प्रयोगशाळा’ या रूपात गेली. तेथे काम गटाचे झाले, हिशेबही गटानेच द्यायचा. एकट्या विद्यार्थ्याला काय येते हे कळेनासे झाले, आणि 1932 साली पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ठराव करून ती बंद पाडली.