निवृत्तांच्या वसाहतीतील रहिवासी समिती : अधिकार, मर्यादा आणि जबाबदारी

आयुष्यभराची पुंजी गुंतवून ज्येष्ठ नागरिक ज्या वसाहतीत उतारवयाची सोय करतात, तेथील मासिक शुल्क किती वाढावे, रात्रपाळीला परिचारिका असावी की नसावी, भोजनगृहाचा ठेका कोणाला द्यावा, हे निर्णय बहुधा वसाहत चालवणारी कंपनी अथवा संस्था घेत असते. या निर्णयांत तेथे राहणाऱ्यांचे मत पोहोचवण्याचे मुख्य साधन म्हणजे रहिवासी समिती. 'रिटायरमेंट व्हिलेज' ही संकल्पना ज्या देशांत रुजली, तेथे या समितीला कायद्याने स्थान दिले आहे. आपल्याकडे अशा वसाहती वाढत असताना समितीचा विचार मात्र पुष्कळदा घराचा ताबा घेतल्यानंतर, पहिला वाद उद्भवल्यावर होतो.

गोव्याला हा विषय परका नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांचे प्रमाण सुमारे ८.६ टक्के होते. गोव्यात ते ११.२ टक्के होते आणि मोठ्या राज्यांशी तुलना करता केवळ केरळ गोव्याच्या पुढे होते. मुले आखातात, इंग्लंडमध्ये किंवा बेंगळुरूला आणि वडीलधारी मंडळी गावच्या मोठ्या घरात एकटी, हे चित्र राज्यातील कोणत्याही वाड्यावर दिसते. अशा घरांतूनच या वसाहतींचे रहिवासी येतात.

वृद्धाश्रमाहून वेगळी व्यवस्था

निवृत्तांची वसाहत आणि वृद्धाश्रम यांत फरक आहे. 'प्रोव्हेदोरिया' या नावाने गोमंतकीयांना परिचित असलेल्या सरकारी संस्थेचे वृद्धाश्रम अथवा धर्मादाय संस्थांचे आश्रम हे प्रामुख्याने निराधारांच्या आश्रयासाठी असतात. वसाहतीतील रहिवासी हिंडता-फिरता असतो, स्वतंत्र सदनिकेत राहतो आणि सेवांचे पैसे मोजतो. पुण्यातील 'अथश्री'सारख्या प्रकल्पांमुळे ही कल्पना मराठी वाचकांच्या परिचयाची झाली आहे.

पैसे मोजण्याच्या पद्धती मात्र निरनिराळ्या असतात. कोठे सदनिका विकत घेतली जाते, कोठे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळते, तर कोठे मोठी ठेव ठेवून केवळ राहण्याचा हक्क दिला जातो. त्याखेरीज दरमहा सेवाशुल्क असतेच. ऑस्ट्रेलियात बहुतेक करारांमध्ये रहिवासी वसाहत सोडताना त्याच्या रकमेतून ठरावीक हिस्सा कापून घेण्याची अट असते.

समितीची गरज या आर्थिक रचनेतूनच निर्माण होते. हॉटेलची सेवा पसंत पडली नाही, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसरे हॉटेल गाठते. वसाहतीतील ज्येष्ठाने बहुधा जुने घर विकलेले असते, रक्कम अडकलेली असते आणि ऐंशीव्या वर्षी पुन्हा बिऱ्हाड हलवण्याची उमेदही उरलेली नसते. वसाहत सोडून जाण्याचा मार्ग असा जवळजवळ बंद असल्यामुळे तेथेच राहून प्रश्न विचारण्याची सोय असणे अगत्याचे ठरते.

क्वीन्सलँडचा कायदा काय सांगतो

ऑस्ट्रेलियात या वसाहतींविषयीचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. क्वीन्सलँड राज्याचा १९९९ चा कायदा समितीची रचना समजून घेण्यास उपयुक्त आहे. या कायद्यानुसार रहिवासी निवडणुकीने समिती स्थापन करू शकतात. समिती असलीच पाहिजे अशी सक्ती नाही. तो रहिवाशांचा हक्क आहे. सदस्यांची मुदत एक वर्षाची असते, ते पुन्हा निवडून येऊ शकतात आणि रहिवासी विशेष ठरावाने एखाद्या सदस्याला दूरही करू शकतात.

समितीचे काम कायद्याने मोजक्या शब्दांत सांगितले आहे : वसाहतीच्या दैनंदिन कारभाराविषयी आणि त्यासंबंधी रहिवाशांनी मांडलेल्या तक्रारी व सूचनांविषयी त्यांच्या वतीने चालकांशी व्यवहार करणे. समितीने मागणी केल्यास चालकांना तिमाही हिशेब द्यावा लागतो. वर्षाच्या शेवटी लेखापरीक्षण झालेले विवरणही तयार करावे लागते.

हिशेबाचे महत्त्व शुल्काच्या प्रश्नावरून ध्यानात येते. क्वीन्सलँडमध्ये सामायिक सेवांच्या शुल्कातील वाढ साधारणतः ग्राहक किंमत निर्देशांकातील वाढीहून अधिक असता कामा नये. स्थानिक कर, विमा हप्ते, सरकारने ठरवलेले वेतनदर अशा काही बाबी या मर्यादेतून वगळल्या आहेत. अन्य कारणासाठी अधिक वाढ हवी असेल, तर रहिवाशांचा विशेष ठराव लागतो आणि त्यासाठी मतदान करणाऱ्यांपैकी किमान तीन चतुर्थांश जणांचा पाठिंबा आवश्यक असतो. वाढ खरोखर कशामुळे झाली, हे आकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. शंभर-दीडशे रहिवाशांपैकी प्रत्येकाने ताळेबंद तपासणे शक्य नसते. निवृत्त बँक कर्मचारी किंवा लेखापाल असलेला समितीचा एखादा सदस्य ते काम सर्वांसाठी करतो.

याच कायद्याने दोन निधींचीही फोड केली आहे. लिफ्ट, जलतरण तलाव, छप्पर यांसारख्या मोठ्या मालमत्ता बदलण्याचा निधी चालकांनी उभारायचा आणि नित्य देखभालीच्या निधीत रहिवाशांनी भर घालायची. जुना पंप 'दुरुस्त' केला की 'बदलला', या एका शब्दावर खर्च कोणाच्या माथी पडणार हे ठरते. दक्ष समिती असे शब्द वाचते.

शेजारच्या न्यू साऊथ वेल्स राज्याचा कायदाही १९९९ चाच. तेथे चालकांना समितीच्या बैठकीस निमंत्रणावाचून उपस्थित राहता येत नाही. २०१७ मध्ये त्या राज्यात वसाहतींच्या कारभाराविषयी गंभीर तक्रारी पुढे आल्या, सरकारने कॅथरिन ग्रायनर यांची चौकशी नेमली आणि २०१९ पासून चालकांसाठी आचारनियम लागू झाले. न्यूझीलंडने २००३ च्या कायद्यात आणखी एक पायरी जोडली. तेथे वैधानिक पर्यवेक्षक ही स्वतंत्र यंत्रणा चालकांच्या आर्थिक स्थितीवर रहिवाशांच्या हिताच्या दृष्टीने लक्ष ठेवते. सूट मिळालेल्या वसाहती वगळता असा पर्यवेक्षक नेमणे बंधनकारक आहे.

समिती काय करू शकत नाही

समितीला वसाहत चालवण्याचा अधिकार नसतो. गोव्यातील पालकांना शाळेतील पालक-शिक्षक संघ ठाऊक आहे. तो शाळेच्या कारभारावर प्रश्न विचारतो, सूचना करतो. पण शिक्षकांची नेमणूक करत नाही. रहिवासी समितीचे स्थान बरेचसे तसेच आहे. स्वयंपाक्याला परस्पर आदेश देणारी किंवा सुरक्षारक्षकाला कामावरून काढण्याची धमकी देणारी समिती आपली मर्यादा ओलांडते आणि चुकीची जबाबदारीही स्वतःवर ओढवून घेते.

दुसरी मर्यादा रहिवाशांच्या बाजूने आहे. प्रत्येक रहिवाशाचा करार स्वतंत्र असतो. तो बदलण्यास संमती देण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे, समितीचा नाही. ज्या ठरावासाठी सर्वसाधारण सभेचे मतदान हवे, तो समितीने बंद खोलीत संमत करणे हाही अतिक्रमच होय. कोणाची स्मरणशक्ती मंदावली आहे, कोणाला मदतनिसाची गरज आहे, कोणाचे शुल्क थकले आहे, या बाबी खासगी असून त्या समितीच्या विषयपत्रिकेत येऊ नयेत.

सहली, वाढदिवस, गणेशोत्सव आणि नाताळाचे कार्यक्रम आखणे हे काम आनंदाचे असते आणि एकटेपणाच्या वयात त्याचे मोलही मोठे असते. मात्र सारी शक्ती त्यातच खर्च झाली, तर हिशेब पाहायला कोणी उरत नाही. अनेक ठिकाणी त्यासाठी सांस्कृतिक उपसमिती वेगळी ठेवली जाते.

तक्रार करणाऱ्याचे भय

चालकांविरुद्ध तक्रार करणाऱ्या ज्येष्ठाची अडचण इतर ग्राहकांहून वेगळी असते. ज्या मदतनिसाविषयी तक्रार करायची, तिच्याच हातून सकाळचे औषध घ्यायचे असते. ज्या व्यवस्थापकाला जाब विचारायचा, त्यालाच मध्यरात्री छातीत दुखू लागल्यावर फोन करायचा असतो. 'उगाच कशाला वाईटपणा घ्या' असे म्हणून माणसे थंड जेवण आणि बंद पडलेली आपत्कालीन घंटा महिनोन्महिने सोसतात. मुलांनाही सांगत नाहीत. सांगितले तर ती काळजी करतील किंवा फोनवरून भांडण काढतील.

येथे समितीचा उपयोग सर्वांत अधिक होतो. 'अमुक खोलीतील अमक्यांची तक्रार' या स्वरूपात न जाता तो विषय 'दुसऱ्या इमारतीतील घंटा तपासाव्यात' अशा सूचनेच्या रूपाने चालकांपुढे जातो. तक्रारीमागचे नाव गळून पडते आणि काम मात्र नोंदीवर येते. छळ, गैरवर्तन किंवा आर्थिक फसवणूक असेल, तर प्रकरण बैठकीत चर्चिण्याऐवजी संबंधित व्यक्तीला पोलीस वा योग्य यंत्रणेपर्यंत पोहोचण्यास मदत करावी.

दूर देशी असलेल्या मुलांचा प्रश्न नाजूक असतो. शुल्क मुलगा भरतो, म्हणून मतही त्याचेच, असे गृहीत धरले जाते. वसाहतीत राहते ती आई. तिच्या सदनिकेचे मत तिला विचारल्याविना इतरांनी ठरवू नये, हा दंडक समितीने पाळला पाहिजे.

समिती कशी टिकते

समित्या मोडतात त्या बहुतांशी वादामुळे नव्हे, तर थकव्यामुळे. सदस्यही वयस्कर असतात. कोणी आजारी पडते, कोणाचा जोडीदार जातो. त्यामुळे एकाच उत्साही गृहस्थावर सारा भार टाकणे धोक्याचे असते. सचिवाला साहाय्यक असावा, कागदपत्रे एकाच्या कपाटात न राहता कार्यालयीन धारिकेत असावीत आणि दरवर्षी निवडणूक व्हावी. तीच मंडळी वर्षानुवर्षे बिनविरोध येत राहिली, तर समिती चालकांच्या फार निकट जाते किंवा चार मित्रांचा कट्टा बनते.

बैठकीची विषयपत्रिका आणि इतिवृत्त मोठ्या टंकात छापावे. सभागृहात ध्वनिवर्धक हवा. ऐकू न आल्यामुळे गप्प बसलेल्या माणसाला संमती दिलेला समजणे अन्यायाचे आहे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी लेखी मताची सोय असावी. गोव्यातील वसाहतीत मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजी बोलणारे एकत्र येतात, याचा विचार सूचनाफलक लिहिताना व्हावा. चालकांना दिलेले प्रत्येक पत्र तारखेसह द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

भारतातील स्थिती

आपल्याकडे समितीचे कायदेशीर बळ रहिवाशाच्या करारावर अवलंबून असते. सदनिका विकत घेतली असेल, तर २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजेच 'रेरा', उपयोगी पडतो. स्थानिक कायद्यात वेगळी तरतूद नसल्यास, बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांत सदनिकाधारकांची संघटना स्थापन होण्यास विकासकाने साहाय्य करावे, असे तो सांगतो. ही संघटना प्राधिकरणाकडे तक्रारही करू शकते. मात्र भाड्याने राहणारी व्यक्ती या कायद्यातील सदनिकाधारकाच्या व्याख्येत बसत नाही. ठेव ठेवून केवळ राहण्याचा परवाना घेतलेल्यांनाही त्याचा आधार सहजी मिळत नाही. त्यांच्यासाठी करारातील कलमे आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा हेच मुख्य आधार उरतात. समान तक्रार असलेले अनेक ग्राहक त्याखाली आयोगाच्या परवानगीने एकत्रित दाद मागू शकतात.

केंद्रीय गृहनिर्माण व नगर व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. 'महारेरा'ने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी लिफ्ट, रॅम्प, दरवाजांची रुंदी अशा किमान सुविधांचे निकष लागू केले. इमारत कशी असावी, यावर या निकषांचा भर आहे. इमारतीत राहणाऱ्यांचे ऐकावे कसे, हा भाग मुख्यतः करारावरच राहतो.

स्वाक्षरीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. आपला हक्क मालकीचा, भाडेपट्ट्याचा की केवळ राहण्याच्या परवान्याचा?

२. रहिवाशांची संघटना वा समिती आहे का? तिचा उल्लेख करारात आहे का?

३. मासिक शुल्क कोणत्या सूत्राने वाढते? वाढीपूर्वी रहिवाशांची संमती लागते का?

४. वार्षिक हिशेब समितीला मिळतो का? गेल्या वर्षीचा पाहता येईल का?

५. भोजन वा शुश्रूषा पुरवणारी संस्था बदलण्याचा अधिकार कोणाला आहे?

६. वसाहत सोडल्यास अथवा मृत्यूनंतर रक्कम किती दिवसांत आणि किती कपात करून परत मिळते?

प्रकल्प पाहण्यास गेल्यावर नमुना सदनिका, बाग आणि ग्रंथालय दाखवले जाते. त्यासोबत समितीच्या मागील दोन-तीन बैठकींचे इतिवृत्त पाहण्यास मागावे. एखादी तक्रार कधी नोंदली गेली आणि तिचे निवारण कोणत्या तारखेला झाले, हे त्यात लिहिलेले असेल, तर त्या वसाहतीत म्हाताऱ्या माणसाचे ऐकले जाते असे समजण्यास आधार आहे.